वळशाच्या वाटेवरील उपाहारगृहे

नगरवासी मनुष्यास आपले नगर ठाऊक असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यास ठाऊक असते ती एक वाट. घरापासून थांब्यापर्यंत, थांब्यापासून कचेरीपर्यंत आणि सायंकाळी त्याच पावलांनी परत. ह्या वाटेवरील चहाचे दुकान, पानाची गादी आणि एखादे उपाहारगृह, एवढेच त्याचे नगर. वाटेच्या शंभर पावले अलीकडेपलीकडे काय शिजते, कोण शिजविते आणि कोण जेवते, ह्याचा त्यास वीस वीस वर्षे पत्ता नसतो. ही नित्याची वाट एखाद्या दिवशी बंद झाली, म्हणजे मात्र त्यास इतर रस्त्यांकडे पाहणे भाग पडते. ह्या सक्तीच्या भ्रमणात ठिकठिकाणच्या उपाहारगृहांचा जो परिचय घडतो, त्याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

मुंबईकरांस असा वळसा नवा नाही. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याची एक बाजू खुली होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. शीव येथील रेल्वेवरील पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला. त्यानंतर १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री परळ व प्रभादेवी ह्यांस जोडणारा एल्फिन्स्टन पूल वाहनांस बंद करण्यात आला. शंभराहून अधिक वर्षांचा हा पूल पाडून त्या जागी दुमजली पूल बांधण्याचे ठरले. खालून स्थानिक वाहतूक जावी आणि वरून शिवडी-वरळी उन्नत मार्ग जावा, म्हणजे १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवरील वाहने थेट वरळीस पोहोचतील, अशी ही योजना. तिचे प्रयोजन पटण्याजोगे आहे. परंतु मोठ्या योजनेचा छोटा परिणाम छोट्या माणसांच्या दिनक्रमावर होतो, आणि तो प्रथम जाणवतो तो पोटाला.

पूल बंद होताच वाहनांस तीन दिशा उरल्या. उत्तरेस दादरचा टिळक पूल, दक्षिणेस करी रोडचा पूल आणि त्याहून खाली चिंचपोकळीचा. परळला राहून प्रभादेवीकडे कचेरीस जाणारा, किंवा वरळीहून परळला परतणारा एखादा गृहस्थ घ्या. सकाळी साडेआठास निघणारा हा गृहस्थ आठालाच घराबाहेर पडू लागतो. सायंकाळी सातास ज्याच्या हाती घरचा चहा पडत असे, तो पावणेआठ वाजले तरी बसच्या दांड्याला लोंबकळत असतो. वाहतुकीच्या सूचना वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतात. भुकेस मात्र त्या वाचता येत नाहीत. ती आपल्या जुन्याच वेळेस हजर होते. पहिला आठवडा हा गृहस्थ त्रागा करण्यात घालवितो. दुसऱ्या आठवड्यात तो कोंडीत अडकलेल्या बसमधून खाली उतरतो व पायी चालू लागतो. ह्या पायी चालण्यातच त्याच्या शोधाचा आरंभ असतो, कारण बसच्या खिडकीतून दुकानाची पाटी दिसते, परंतु फोडणीचा वास येत नाही.

प्रथम दक्षिणेकडील वळसा पाहू. परळहून डॉक्टर आंबेडकर मार्गाने भारतमाता चित्रपटगृहापर्यंत यावे आणि तेथून उजवीकडे करी रोडच्या पुलावर चढावे, असा हा मार्ग. हा भाग म्हणजे जुने गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेले सहस्रावधी पुरुष येथे एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहत. बायकामुले गावी, आणि पाळी तर कधी पहाटेची, कधी रात्रीची. अशांच्या जेवणाची सोय खाणावळीने केली. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतील एखादी बाई स्वतःच्या खोलीत चूल पेटवून वीस-पंचवीस माणसांची भाकरी थापी. जेवणाऱ्यांची ती मावशी. हिशेब महिन्याचा, आणि तो चुकता व्हावयाचा गिरणीच्या पगाराच्या दिवशी. दरम्यान वाणसामानास पैसा लागे तो सावकाराकडून जबर व्याजाने. घाम मावशीचा आणि नफा सावकाराचा, अशी ही व्यवस्था होती. ती पालटावी म्हणून प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली चौदा स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि ह्या स्त्रियांस बँकांची दारे उघडून दिली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. भोंगा थांबला तसे खाणावळीचे पानही उठले. जेथे सूत निघे तेथे कालांतराने काचेच्या कचेऱ्या व विक्रीची भव्य दालने उभी राहिली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीची जागा ह्याचे ठळक उदाहरण होय. ह्या कचेऱ्यांत काम करणारा वर्ग निराळा, त्याची भाषा निराळी. परंतु दुपारी एक वाजता लागणारी भूक तीच. म्हणून ठिकठिकाणी खाणावळीचे पोळीभाजी केंद्र झाले आणि महिन्याच्या हिशेबाची जागा रोजच्या रोख पैशाने, व आता भ्रमणध्वनीवरील देवघेवीने, घेतली. वळशाने आलेला गृहस्थ अशा केंद्रासमोर उभा राहून दोन पोळ्या आणि मटकीची उसळ बांधून घेतो, तेव्हा तो ह्या परंपरेतील नवा गिऱ्हाईक असतो. त्याला ती ठाऊक असली तर उसळीची चव वाढते असे नाही. तथापि पोळी लाटणाऱ्या बाईशी बोलताना त्याचा स्वर मात्र खचित बदलतो.

लालबागचे खाद्यजीवन आजही कोकणी वळणाचे आहे. मालवणी भोजनगृहांत बांगडा, कोलंबी, कोंबडी-वडे आणि शेवटी सोलकढी, हा क्रम ठरलेला. नवख्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या भागात वार पाळणारे पुष्कळ आहेत. सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात मासळीचा खप उतरतो. बुधवारी, शुक्रवारी व रविवारी तो चढतो. ज्या दिवशी खप अधिक, त्या दिवशी माल ताजा, हा साधा व्यवहार होय. मासे न खाणाऱ्यानेही येथून रिक्तहस्ते जाण्याचे कारण नाही. लालबाग बाजारानजीकच्या चिवडा गल्लीत पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा असे नाना प्रकारचे चिवडे मांडलेले असतात. जवळच मसाल्याची दुकाने आहेत. उन्हाळ्यात सुक्या मिरच्या घेऊन वर्षाचा मसाला कुटून नेण्यासाठी दूरदूरच्या गृहिणी तेथे येतात. ज्याच्या घरातील माणसे ह्या गल्लीची कीर्ती केवळ ऐकून होती, त्याने वळशाच्या निमित्ताने पावशेर चिवडा घरी नेला, तर उशिराबद्दलची बोलणी पुष्कळ सौम्य होतात.

आता उत्तरेकडे वळू. टिळक पुलावरून दादरच्या पश्चिमेस उतरले, की खाण्याची तऱ्हाच पालटते. येथे जेवणाहून फराळाचे राज्य. साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी, मिसळ, पीयूष हे पदार्थ मराठी मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघरातून उठून येथील टेबलांवर आले. स्थानकाजवळील मामा काणे ह्यांचे स्वच्छ उपाहारगृह १९१० साली निघाले. त्याच्या नावातील 'स्वच्छ' हा शब्द त्या काळाची साक्ष देतो. घराबाहेर खाणे हे कमीपणाचे, किंबहुना काहीसे पापाचे, मानणाऱ्या समाजास प्रथम स्वच्छतेची हमी द्यावी लागे. त्याच दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य ह्यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सांगितले जाते. वडा पूर्वीचा, पावही पूर्वीचा. दोहोंचा संयोग मात्र घाईत असलेल्या माणसासाठी झाला. उभ्याउभ्या, एका हाताने, गाडी येण्यापूर्वी खाता येईल असे हे अन्न आहे. ज्यास आणखी थोडे पुढे जाणे शक्य आहे, त्यास माटुंग्यास दाक्षिणात्य पद्धतीचे भोजन मिळते. तेथील रामा नायक ह्यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ पासूनचे आहे आणि केळीच्या पानावरील त्याचे जेवण सर्वश्रुत आहे.

अशी नावाजलेली स्थळे कोणीही सांगेल. वळशाचे खरे फळ म्हणजे ज्यांची नावे कोणी घेत नाही अशी ठिकाणे, आणि ती ओळखण्यास थोडा विवेक लागतो. पहिली खूण अशी, की तेथे आसपासचे दुकानदार, टॅक्सीवाले व टपालवाले खातात काय ते पाहावे. वाटसरूस एकदा फसविता येते. रोजच्या शेजाऱ्यास फसविता येत नाही. दुसरी खूण, पदार्थांची यादी आखूड असावी. लहानशा मुदपाकखान्यातून साठ पदार्थ निघत असतील, तर त्यांतील पुष्कळसे सकाळचेच असणार. तिसरी खूण, कढई. तेल काळे पडले असेल, त्यावर फेस धरत असेल आणि आच मंद असूनही धूर येत असेल, तर तेथून पुढे चालू लागावे. वारंवार तापविल्याने तेलात जी ध्रुवीय संयुगे वाढतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाजवळ मोजण्याचे साधन नसते, परंतु डोळे व नाक असते. चौथी खूण, भिंतीवरील परवाना. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार दिला जाणारा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागी लावलेला असावा. भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असतील, तर ती तशी घेऊ नयेत. छपाईच्या शाईचा अंश अन्नात उतरतो. घरून डबा न्यावा, हा उत्तम उपाय.

येथपर्यंत वळशाचा लाभ सांगितला. परंतु ह्या व्यवहाराची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. लालबागच्या ज्या दुकानात दहा गिऱ्हाइके वाढली, ती आकाशातून पडलेली नाहीत. ती बंद पुलाच्या पायथ्याशी असलेल्या दुकानांतून उठून आली. उपाहारगृहाचा धंदा कापडाच्या दुकानासारखा नव्हे. न विकलेले लुगडे उद्या विकता येते. न विकलेली इडली सायंकाळी टाकावी लागते. भाडे, गॅस आणि पोऱ्यांचा पगार ही गिऱ्हाईक येवो न येवो चालूच राहतात. रोजच्या शंभर गिऱ्हाइकांवर ज्याचे गणित बसलेले असते, त्याचे तीस कमी झाले, तर तो प्रथम एक पोऱ्या कमी करतो, मग पदार्थ कमी करतो, आणि पुढे एके दिवशी फळी लावतो. पूल दोन-चार वर्षांनी पुन्हा होतो, परंतु बंद पडलेले उपाहारगृह बहुधा पुन्हा उघडत नाही. त्याबरोबर एका कुटुंबाची उपजीविका आणि चटणीची एक विशिष्ट चव, दोन्ही लोपतात.

ह्यात आणखी एक वर्ग विसरता कामा नये. परळला केईएम आहे, टाटा रुग्णालय आहे, मुलांसाठी वाडिया आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, किंबहुना राज्याबाहेरूनही, रुग्ण व त्यांचे नातलग येथे येतात. त्यांच्या दृष्टीने पाच-दहा रुपयांचा फरकही मोठा असतो. रुग्णाच्या उशाशी रात्र काढून सकाळी खाली उतरलेल्या माणसास जवळपास गरम व स्वस्त काहीतरी मिळणे, ही चैनीची बाब नव्हे. परिसरातील लहान उपाहारगृहे टिकली, तर त्याचे पोट भरते. ती मिटली आणि त्यांच्या जागी वातानुकूलित दालने आली, तर त्यास फाटकाबाहेर बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढावा लागेल.

मग सुखवस्तु गृहस्थाने करावे तरी काय? फार मोठे काही नव्हे. रेल्वेवरील पादचारी पुलाने रूळ ओलांडणे ज्यास शक्य आहे, त्याने आठवड्यातून एखादा दिवस बसचा वळसा सोडून पायी जावे आणि आपल्या जुन्या दुकानी चहा घ्यावा. नव्या वाटेवर जे ठिकाण आवडले, त्याचा पत्ता शेजाऱ्यास सांगावा. लहान दुकानदारास जाहिरात परवडत नाही. पैसे वेळेवर व पुरते द्यावेत, आणि पाच रुपयांनी भाव वाढला तर भांडण्यापूर्वी कांद्याचा भाव आठवावा. नवा पूल तयार होऊन सरळ वाट मोकळी झाली, म्हणजे लालबागच्या ज्या बाईने वर्षभर उसळ वाढली तिलाही एकदम विसरू नये. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी मुद्दाम तिकडे जावे आणि जाताना त्यांना गिरण्यांची उरलीसुरली धुराडी दाखवावीत. आपल्या घरापासून मैलभराच्या आत कोण काय शिजवून जगते, हे त्या मुलांनी पूल बंद पडण्याची वाट न पाहता जाणून घ्यावे, एवढीच अपेक्षा.