योजनेची परीक्षा कोणीं घ्यावी?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनांत केलेलें भाषण)



मंडळाच्या चालकांनीं यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपुरतें आणि सारी नोकरी खेड्यांतील शाळांत झालेली. तेव्हां विद्वत्तेचें प्रवचन आमच्याकडून होणार नाहीं, याची खात्री असावी. परंतु आपल्या समाजाचीं पुष्कळ घरें अद्यापि खेड्यांत आहेत व त्यांचें बरेंवाईट जमीन आणि पाणी यांवर अवलंबून आहे. त्याचबरोबर आपलीं मुलें-मुली आतां महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकत आहेत. या दोन गोष्टींची सांगड घालणारा एक विषय आज आपल्यापुढें मांडावा असें आम्हीं ठरविलें. तो विषय असा: खेडें सुधारण्यासाठीं आणि माती, पाणी, जंगल राखण्यासाठीं सरकार ज्या योजना काढतें त्या फळल्या कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें, आणि त्या कामीं विद्यापीठांचा उपयोग काय?

शाळेंत आम्ही एक नियम पाळीत आलों. मुलाची उत्तरपत्रिका मुलानें तपासावयाची नाहीं, त्याच्या बापानेंही तपासावयाची नाहीं. यांत मुलावर अविश्वास नसतो. परीक्षेचा अर्थच तो असतो. मात्र योजनांच्या बाबतींत बहुधा उलट घडतें. ज्या खात्यानें पैसा खर्च केला तेंच खातें यशाचा अहवाल लिहितें, आणि ज्या गांवाला पैसा मिळाला तेंच गांव त्याखालीं सह्या करतें. म्हणून पैसा देणारा नव्हे व घेणाराही नव्हे, असा तिसरा परीक्षक हवा. अभ्यासाची संवय असलेलें विद्यापीठ हा तसा परीक्षक होऊं शकतो.

ही कल्पना कोणी आजकाल परदेशांतून आणली असें नाहीं. ती पुण्याच्या मातींत शंभर वर्षांपूर्वीच रुजली आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर पाहणी केली व १९१७ मध्यें ती प्रसिद्ध केली. गांवच्या जुन्या नोंदींशीं नव्या मोजणीचा मेळ घालून त्यांनीं दाखविलें कीं, १७७१ मध्यें त्या गांवीं एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. १८१८ मध्यें ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर. शेतकरी आळशी आहे, उधळ्या आहे, असें जे म्हणत त्यांना हें उत्तर होतें. जमिनीचे तुकडे पडत चालले होते. पुढें १९४७ मध्यें मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा व तुकडेजोडीचा कायदा केला. आज त्या पिंपळे सौदागरांत उंच इमारती उभ्या आहेत. नांगर शोधूनही सांपडणार नाहीं. पण जुन्या खेड्याची ती मोजणी राहिली आहे, ती प्राध्यापक व विद्यार्थी घरोघर हिंडले म्हणून.

दुसरें उदाहरण नगर जिल्ह्याचें. १९३० मध्यें पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. पुढें तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिणामांची पाहणी केली व १९४८ मध्यें तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीची वसुली किती झाली एवढ्यावर कालव्याचा नफातोटा ठरवावयाचा नाहीं. मजुराला काम किती मिळालें, व्यापार किती वाढला, भोंवतालच्या प्रदेशाला काय लाभलें, हेंही जमेस धरलें पाहिजे, हा तिचा रोख होता. त्यासाठीं कालव्याखालील प्रदेश आणि कोरडवाहू प्रदेश शेजारीं शेजारीं ठेवून त्यांनीं तुलना केली. विशेष हें कीं, ज्यांची पाहणी केली त्यांना हे विद्वान विसरले नाहींत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें उभा राहिला, तेव्हां त्याचें अध्यक्षपद गाडगीळांनींच स्वीकारलें. अभ्यास आणि सेवा यांचें असें लग्न क्वचितच लागतें.

तिसरें उदाहरण कडू आहे. १९४८ चा मुंबई कूळकायदा कुळांच्या रक्षणासाठीं झाला. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनीं त्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली व १९५७ मध्यें अहवाल दिला. कायदा पुस्तकांत होता, पण जमिनीचे व्यवहार पुष्कळसे जणुं तो नाहींच अशा रीतीनें चालू होते. कुळांनीं ‘आपखुषीनें’ जमिनी सोडल्याच्या नोंदी दफ्तरीं होत्या. त्या खुषीचा अर्थ काय, हें प्रत्यक्ष गांवीं जाऊन विचारल्यावांचून समजलें नसतें. खात्याच्या कागदावर हा दोष दिसत नाहीं, कारण कागद बिनचूक असतो.

आतां आपल्या काळाकडे वळूं. डिसेंबर २०१४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें जलयुक्त शिवार अभियान सुरू केलें. २०१९ पर्यंत राज्य दुष्काळमुक्त करावें, हा संकल्प होता. नाले खोल झाले, बंधारे झाले, शेततळीं झालीं. सहा लाखांवर कामें झालीं. २०२० मध्यें भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यांनीं म्हटलें कीं, ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गांवांची पाण्याची गरज भागविण्यावर आणि भूजलाची पातळी वाढविण्यावर परिणाम थोडाच झाला. योजनेच्या समर्थकांनीं वाढलेलें पीक दाखविलें, टीकाकारांनीं टँकर दाखविले. आमचें वय झालें आहे. कोणत्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घेण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु एवढा पैसा गेल्यावर लाभ झाला कीं नाहीं यावरच वाद व्हावा, याचा अर्थ असा कीं, आधींचें मोजमाप पुरेसें झालें नव्हतें. रोग्याचा ताप औषधापूर्वीं पाहिलाच नसेल, तर औषधानें तो किती उतरला हें वैद्य कसें सांगणार?

पाण्याच्या बाबतींत तर मोजणाराला फसविण्याची सर्वांत मोठी कला पावसाजवळ आहे. २०१५ सालीं मराठवाड्यांत पाऊस फारच कमी झाला. एप्रिल २०१६ मध्यें लातूरची तहान भागवावयास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच वर्षीं पुढें पाऊस चांगला झाला आणि विहिरी भरल्या. त्या विहिरींचीं छायाचित्रें काढून कोणी म्हणेल, ‘पाहा आमच्या बंधाऱ्याचा प्रताप!’ पण बंधारा नसलेल्या गांवच्या विहिरीही त्या वर्षीं भरल्याच होत्या. पुढें २०१८ मध्यें पावसानें पुन्हां पाठ फिरविली व १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. म्हणून खरी तुलना करावयाची तर सारखा पाऊस, सारखी माती व सारखा काळा खडक असलेलीं दोन गांवें घ्यावीं. एकांत योजना झालेली, दुसऱ्यांत न झालेली. विहिरीची पातळी ऑक्टोबरांत मोजावी व मे महिन्यांतही मोजावी. आणि एका वर्षावर न थांबतां वर्षानुवर्षें मोजावी. पाणी वाढल्यावर तें कोठें गेलें हेंही पाहावें. नाल्यांत अडविलेलें पाणी वरच्या शेतकऱ्याच्या नव्या विंधनविहिरीनें उसाला ओढून घेतलें, तर खालच्या वाडीच्या आडांत मे महिन्यांत खडखडाटच राहावयाचा.

येथें एका जुन्या शिक्षकाची सूचना ऐकावी. गांवांत पाणी टिकलें कीं नाहीं याचा पुरावा शाळेच्या हजेरीपटांत असतो. ज्या गांवीं दिवाळीनंतर ओलीत राहत नाहीं तेथील माणसें बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर मुलेंही जातात. जानेवारीच्या पटावर नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा लागत जातात. ज्या वर्षीं त्या खुणा खरोखर कमी झाल्या, त्या वर्षीं गांवांत कांहींतरी बरें घडलें असें समजावें. टँकरची नोंदवही, दूध संकलनाची वही, रोजगार हमीचें हजेरीपत्रक, हींही अशींच साक्षीदार. संशोधकांनीं मोठीं यंत्रें अवश्य आणावींत. पण गांवच्या या वह्या आधीं उघडाव्यात.

विद्यापीठांना हें साधणार नाहीं असें नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें ग्रामीण भागाच्या गरजांचा अभ्यास करणारें केंद्र १९८५ पासून आहे. त्याचे विद्यार्थी कांहीं आठवडे खेड्यांत राहून पाहणी करतात. २०१६ मध्यें राज्य सरकारनें उन्नत महाराष्ट्र अभियान हातीं घेऊन महाविद्यालयांना आपापल्या भागांतील प्रश्नांशीं जोडण्याचा मार्ग घातला. जागतिक बँकेच्या साह्यानें २०१८ मध्यें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पासाठीं त्याच आय. आय. टी. नें गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धति बसवून दिली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनींत किती मुरला, पिकांना किती लागणार, हा हिशेब घरखर्चाच्या वहीसारखा गांवापुढें ठेवावयाचा. ही दिशा योग्य आहे.

परंतु एक भय सांगितलें पाहिजे. परीक्षकाचें मानधन परीक्षार्थीच्या खिशांतून येऊं लागलें कीं गुण सढळ पडूं लागतात. खात्याच्या पैशानें होणारी पाहणी खात्याला रुचेल तशी लिहिण्याचा मोह विद्वानांनाही होतो. म्हणून करारांतच दोन अटी असाव्यात. अहवाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो ठरल्या मुदतींत प्रसिद्ध व्हावा; आणि तो मराठींत ग्रामसभेपुढें वाचून दाखवावा. ज्या गांवानें दिवस मोडून उत्तरें दिलीं त्या गांवाला निष्कर्ष कळूं नयेत, हा अन्याय आहे.

आतां आपल्या मंडळानें काय करावें? मंडळ दरवर्षीं होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ति देतें. आमची पहिली विनंति अशी कीं, शिष्यवृत्ति घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें सुटींत पंधरा दिवस एखाद्या गांवीं राहून, आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखालीं, तेथील एका योजनेची पाहणी करावी. अट एकच: केवळ आपल्या ज्ञातीच्या आळींत बसून ती करूं नये. पाटलाच्या ओसरीवर चहा घेऊन गांव कळत नाहीं. भूमिहीनाच्या झोंपडींत, धनगराच्या वाड्यावर, आदिवासी पाड्यावर जावें. आणि पाणी कोण आणतें तें पाहून त्या बायांनाच विचारावें. हंडा डोक्यावर घेणारीला अंतर जितकें अचूक ठाऊक असतें तितकें कोणत्याही नकाशाला नसतें.

दुसरी विनंति गांवीं राहणाऱ्या बांधवांना. पाहणीला आलेल्या पोराला खरें उत्तर द्या. कर वाढेल या धास्तीनें पीक कमी सांगावयाचें आणि अनुदान मिळेल या आशेनें नुकसान जास्त सांगावयाचें, ही आपली जुनी संवय. त्या खोट्या आंकड्यांवर उद्यांची योजना आंखली जाते आणि ती आपल्याच शेतांत चुकते.

तिसरी विनंति मंडळाला. अशा पाहण्यांपैकीं एक चांगली पाहणी दरवर्षीं या स्मरणिकेंत छापावी. देणगीदारांच्या छायाचित्रांस जागा असावीच. पण एका गांवाच्या विहिरींच्या पातळीलाही दोन पानें मिळालीं तर दहा वर्षांनीं हे अंक कोणाच्या तरी खऱ्या उपयोगीं पडतील.

बंधुभगिनींनो, १९७२ च्या दुष्काळांत आमच्या वयाच्या पिढीनें आपल्या आईबापांना खडी फोडतांना पाहिलें आहे. त्यानंतर सरकारांनीं कांहीं केलेंच नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. केलें पुष्कळ, त्यांतलें टिकलें किती, हें मोजावयाचें मात्र राहून गेलें. तें मोजण्याइतकें शिक्षण आज आपल्या घरांत आलें आहे. त्याचा पहिला उपयोग आपल्या गांवासाठीं व्हावा, एवढेंच मागणें मागून आम्ही आपली रजा घेतों.