नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे
(मासिक बैठकीत केलेलं मार्गदर्शन)

शोभेच्या माशांसाठी गटातून कर्ज घेतलेल्या एका ताईंनी मला विचारलं, "टाकी घासून लख्ख केली, सगळं पाणी बदललं, तरी दुसऱ्या दिवशी गप्पी मेले. असं कसं?"

ताई, चूक आळसाची नव्हती, जास्त स्वच्छतेची होती. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशांना विषच. स्पंजमधले आणि वाळूतले चांगले जिवाणू त्याचं विष कमी करतात. आपण सगळं नळाखाली धुतलं की तेही जातात. वर नळाच्या पाण्यात टीसीएल असतंच.

म्हणून एवढं सांभाळा:

• नव्या टाकीत जिवाणू वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर दोन-चारच मासे सोडा.
• खाद्य 2-3 मिनिटांत संपेल एवढंच टाका.
• आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदला. नवीन पाणी आधी पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो.
• स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.
• मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर लगेच औषध ओतू नका. खाद्य बंद करा, थोडं पाणी बदला, हवेचा पंप चालू आहे का बघा.

आणि एक. कर्ज घेताना टाकीचा, पंपाचा खर्च धरतो ना, तसे हे 6 आठवडेही धरा. पहिला हप्ता त्यानंतरचाच ठेवा. घाईत सोडलेले मासे मरतात, हप्ता मात्र मरत नाही!