‘गुन्हा कबूल’ म्हणजे काय?

(शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोर्टात आपला पुकारा होतो. आपण पिंजऱ्यात उभे राहतो. साहेब विचारतात, “गुन्हा कबूल आहे का?” मागून कोणीतरी कुजबुजतं, “हो म्हण, दंड भर, घरी जा.” लावणी खोळंबलेली असते, पुढची तारीख म्हणजे परत एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. आपण म्हणतो, “हो साहेब.” दोन मिनिटांत काम संपतं.

या ‘हो’ मध्ये काय काय जातं ते बघू या.

गावात कोणी विचारलं, नांगर तू धरलास का, तर आपण हो म्हणतो. धरला होता, खोटं कशाला बोलायचं? पण कोर्ट नुसतं नांगराचं विचारत नाही. १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ लावलं असेल, तर ‘कबूल’ म्हणजे: ही जागा राखीव जंगल आहे हे कबूल, हद्द गार्ड दाखवतो तीच हे कबूल, आणि मला इथे नांगरायचा हक्क नाही हेही कबूल. मोर्चात आपण ‘जमीन आमची’ म्हणतो आणि कोर्टात जाऊन हे लिहून देतो!

२०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी संहितेत, कलम २५१ प्रमाणे, आरोप काय आहे ते आपल्याला सांगावं लागायचं आणि बचाव करायचा आहे का हेही विचारावं लागायचं. समजलं नाही तर मान हलवू नका. “साहेब, समजलं नाही, आमच्या बोलीत सांगा,” असं म्हणा. त्याच संहितेचं कलम २५२ सांगत होतं की आरोपीची कबुली होईल तितकी त्याच्याच शब्दांत लिहायची. “नांगर धरला, पण शेत बापापासून आम्हीच कसतो,” असं बोललात तर ती गुन्ह्याची कबुली नाही. सगळं वाक्य बोला, अर्ध्यावर थांबू नका.

एकदा कबूल केलं की अपिलाचं दार जवळजवळ बंद. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला सोडून झाली, एवढंच वर सांगता येतं. गुन्हा केलाच नाही, हे मग सांगता येत नाही.

आता कोणी म्हणेल, दंडाची पावती हाच तर प्लॉटचा पुरावा! अर्धं खरं आहे. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं सरकारने ठरवलं, तेव्हापासून जुन्या पावत्यांना किंमत आली. त्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा, उंदरांपासून सुद्धा. पण पुरावा कशाचा होतो? अमक्या साली, अमक्या जागी हा माणूस कसत होता, असं खात्याने स्वतः लिहिलं त्याचा. ते पंचनाम्यात आणि फिर्यादीत लिहिलेलंच असतं. त्यासाठी कबूल म्हणायची गरज नाही. नाकबूल म्हणा, आणि अर्ज करून नक्कल घ्या.

नाकबूल महाग पडतं, हे आम्ही लपवत नाही. तारखा वर्ष वर्ष चालतात. एकट्याला ते झेपत नाही, म्हणून भाड्याची वर्गणी गावाने काढावी, आणि वकील नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या असं साहेबांनाच सांगावं.

ज्यांच्या तारखा या महिन्यात आहेत त्यांनी जेवण झाल्यावर समन्स घेऊन इथेच बसा. कोणाला कोणतं कलम लावलंय ते एकेक कागद उघडून बघू.