बदकं मोजणारी मंडळी

ओळख करून देताना आत्ता मला 'पक्षीतज्ज्ञ' म्हटलं गेलं. तो शब्द मी आधी परत करतो. मी गेली बावीस वर्षं दिल्लीत नोकरी करतोय, आणि दर हिवाळ्यात पाच-सहा रविवारी तीस-चाळीस माणसांना भल्या पहाटे उठवून पाण्याकाठी नेतो. आई-बाबा, मुलं, एखादी आजी. पक्ष्यांची खरी जाण असलेली माणसं आमच्यात तीन. बाकी आम्ही चहा, बस आणि शौचालय या खात्यांचे.

हसू नका, शौचालय हे मोठं खातं आहे. बायका दुसऱ्यांदा येणार की नाही, ते त्यावर ठरतं. आणि बायका आल्या नाहीत तर मुलं येत नाहीत. मग उरतात मोठाले कॅमेरे घेतलेले आठ पुरुष, आणि ते कुणाशी बोलत नाहीत.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या शेजाऱ्यांचा असाच एक कुटुंबांचा क्लब आहे. तेही पहाटे चारला उठतात, थर्मास भरतात, मुलांना गप्प बसायला शिकवतात. फरक एवढाच, की ते बदकं मारतात. भावाने हे सांगितलं तेव्हा मला आधी राग आला. मग त्याने पुढचं सांगितलं आणि हेवा वाटला. तिथे 1934 पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. म्हणजे त्या पाण्याला एक गिऱ्हाईक आहे. पाणी आटलं तर आरडाओरड करणारं कुणीतरी आहे.

आपल्याकडेही असं गिऱ्हाईक होतं. त्यासाठी भरतपूरला जावं लागेल. दिल्लीपासून जेमतेम 180 किलोमीटर; 2013 पासून तर हा जिल्हा सरकारी कागदावर राजधानी क्षेत्रातच आहे. आपल्या मराठी कानांना हे नाव ओळखीचं. पानिपतावरून जखमी, उपाशी परतणाऱ्या आपल्या माणसांना ज्याने आसरा दिला, त्या सूरजमल जाटाचं हे राज्य. तिथला अजान बांधही त्याच्याच काळातला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी त्या बांधाला येई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानाने या बांधाचं पाणी कालव्याने केवलादेवच्या सखल रानात फिरवलं. कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. पावसाळ्यानंतर पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, कुठला पाट आधी भरायचा, हे सगळं हिवाळ्यातल्या पाहुण्यांवर नजर ठेवून ठरायचं. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन आला. पुढे हे वर्षानुवर्षं चाललं.

मंदिराजवळ आजही दगडी पाट्या उभ्या आहेत. तारीख, पाहुण्याचं नाव, मेलेल्या पक्ष्यांचा आकडा. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, 4273. मुलांना मी त्या पाटीसमोर नेहमी थोडा वेळ उभं करतो. एकदा एका सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, मोजले कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण ज्यांनी मोजले त्यांची नावं पाटीवर नाहीत. कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरून पक्षी गोळा करणारे, हाकारे, नावाडी, पाट उघडणारे. बंदूकवाले तासाभराचे पाहुणे. शिकार चालवली या माणसांनी.

मग बंदुका थांबल्या. 1956 मध्ये अभयारण्य झालं, त्यामागे सालिम अलींचा मोठा रेटा होता. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र 1972 पर्यंत टिकला. त्याच वर्षी वन्यजीव कायदा आला. चांगलंच झालं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण बंदुकीबरोबर पाण्याचा हट्ट धरणारा मालकही गेला. गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झालं. या शतकाच्या सुरुवातीला पाऊसही रुसला, आणि शेतकऱ्यांच्या पिकांना पाणी द्यायचं की बदकांना, असा वाद पेटला. शेतकरी चूक होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे मागायला तोंड होतं, बदकांकडे नव्हतं. जागतिक वारशाच्या यादीतल्या त्या तळ्यांमध्ये भेगा पडल्या. नंतर गोवर्धन नाल्यातून, चंबळेच्या नळातून पाणी आणावं लागलं.

त्या काळात तिथे कोण तग धरून होतं, सांगू? सायकलरिक्षावाले. उद्यानात आत फिरवणारे हे रिक्षावालेच वाटाडेही आहेत. आम्हाला नेणारे एक सरदारजी पाठीमागे न बघता आवाजावरून पक्षी सांगतात. ते 'सींकपर' म्हणतात, आम्ही 'तलवार बदक'. ते 'तिदारी' म्हणतात, आम्ही 'थापट्या'. आमच्या 'वारकऱ्या'वर मात्र ते खूश आहेत. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि कायम घोळक्यात. नाव त्यांना लगेच पटलं.

आता आमच्या कामाकडे येतो. 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि ती बहुतेक स्वयंसेवकच करतात. आम्ही त्यातले अगदी लहान भिडू. मोजायचं कसं? एकेक मोजत बसलात तर थवा उडून जातो. आधी दहा नीट मोजायचे, ते दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते धरून ठेवायचं, आणि तो ठोकळा थव्यावर पुढे पुढे सरकवायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. मोठ्यांचे आकडे नेहमी फुगतात, मुलांचे कमी. लिहिणारं मूल असावं, कारण मूल "साधारण शंभर" लिहून घेत नाही. "शंभर की नव्वद?" असं विचारतं.

चार वर्षांपूर्वी गुरुग्रामकडच्या एका गावाचं जोहड आमच्या वाट्याला आलं. जोहड म्हणजे गावतळं. गावाचं नाव सांगत नाही. आम्ही बसभर माणसं घेऊन पोचलो, तर तळ्यात पाणीच नाही. एका कडेला राडारोडा, मधे क्रिकेटचे स्टंप. आयांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी थर्मास उघडून लगेच चहा ओतायला लागलो. म्हटलं, चला, सुलतानपूरला जाऊ, तिथे नक्की दिसतील.

वही त्या दिवशी त्याच मुलीकडे होती, पाटीवाल्या. आता अकरा वर्षांची. ती म्हणाली, "काका, इथलं काय लिहू?"

मी म्हटलं, "काही नको. पान सोडून दे."

आमच्या तिघा जाणकारांपैकी एक ताई तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "सोडायचं नाही. शून्य लिहायचं. सोडलेलं पान म्हणजे आपण आलोच नाही. शून्य म्हणजे आपण आलो, पाहिलं, आणि नव्हतं."

तिने शून्य लिहिलं. तारीख, वेळ, आणि खाली स्वतःची सही. सहीची जागा त्या कागदावर नव्हती.

तेव्हापासून दर जानेवारीत आम्ही तिथे दहा मिनिटं थांबतो. चार वर्षांत चार शून्यं. नवीन आलेले बाबालोक विचारतात, इथे कशाला आलो? त्यांना चहा देतो. गेल्या खेपेला गावचे सरपंच मोटरसायकल थांबवून उभे राहिले. काय करता म्हणाले, आम्ही वही दाखवली. त्यांनी चारही पानं सावकाश पाहिली आणि त्यांची झेरॉक्स मागितली. कशासाठी, ते सांगितलं नाही. तळ्याच्या जागेचं काहीतरी चाललंय, एवढं गावात ऐकलं होतं. कोणाच्या बाजूने ते मला माहीत नाही. मी मागच्या रस्त्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली. दोन प्रती.

येत्या रविवारी ओखल्याला जातोय. मेट्रोचं स्टेशन पक्षी अभयारण्याच्याच नावाचं आहे, चुकणार नाही. साडेसहाला फाटकाशी. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्याकडे चार आहेत. भडक लाल स्वेटर नको. आणि पेन आणा, आमची नेहमी हरवतात.