बातमी म्हणजे तक्रार नव्हे
(कामगार मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काही वर्षांपूर्वी एक कामगार भगिनी आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात आली. पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीने ती त्याच यंत्रावर काम करी; हाती पडणारे वेतन मात्र कमी. मी बातमी लिहिली. ती ठळकपणे छापून आली, चार दिवस चर्चा झाली आणि सारे शांत झाले. पुढे ती भेटली तेव्हा मी विचारले, "लेखी अर्ज कोठे दिलात?" ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही छापलंत ना! मला वाटलं, तोच अर्ज." ते शल्य आजही मनात आहे. बातमीने वाचक हळहळतो, पण निवाडा अर्जावर होतो, हे मी तिला त्याच दिवशी सांगायला हवे होते.

अर्जाचे सामर्थ्य काय असते, ते मुंबईतल्याच एका खटल्याने दाखवून दिले आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील एका महिला लघुलेखिकेने समान वेतनासाठी दाद मागितली. पहिल्या पायरीवर तिचा दावा फेटाळला गेला. ती खचली नाही. अपिलात गेली आणि जिंकली. कंपनी उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, कंपनीची आर्थिक स्थिती बेताची आहे या सबबीवर समान वेतनाचा कायदा टाळता येणार नाही. रक्कम काही हजारांचीच होती. प्रश्न स्वाभिमानाचा होता.

आपल्या संविधानातील अनुच्छेद १४ व १६ हे प्रामुख्याने शासनाला बांधतात. खाजगी मालकाला बांधणारा, सर्व प्रकारच्या भेदभावाला पुरून उरणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. म्हणून आपल्यावरचा अन्याय कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे आणि मग योग्य दार ठोठवावे.

वेतनाचा प्रश्न असेल, तर १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समान स्वरूपाच्या कामासाठी वेतनात किंवा भरतीत लिंगभेद करण्यास तिच्या कलम ३ ने मनाई आहे. पुरुषांचे वेतन घटवून समानता साधण्याची पळवाटही बंद आहे. थकलेल्या रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो स्वतः करावा किंवा नोंदणीकृत कामगार संघटनेमार्फत. त्यासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावे. प्रसूती रजेवर असलेल्या भगिनीला त्या कारणाने कामावरून काढणे हेही बेकायदा आहे.

लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुदत सामान्यतः तीन महिन्यांची आहे. दिव्यांग बांधवांना २०१६ च्या कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

"वकिलाला पैसे कोठून आणू?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे बांधव, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करा.

एक विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर एक वही घाला. नेमणूकपत्र, वेतनपावत्या, हजेरीची नोंद तीत जपा. काही घडले तर तारीख, वेळ आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहा. अर्ज दिलात की त्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका. आणि मग आमच्याकडे अवश्य या. बातमी आम्ही लिहूच. पण ती पोच तुमच्या हातात असू द्या.