हाती धरलेले उत्तर

बालाघाट हा वैनगंगेच्या खोऱ्यातला जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तो बनविण्यात आला, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिला. गोंदियाच्या बाजूस, लांजीकडे, मराठी आणि पोवारी कानी पडतात. बैहर-परसवाड्याच्या डोंगराळ भागात गोंड आणि बैगा यांची वस्ती आहे. साल-सागाच्या रानात पांगलेल्या अशा पाड्यांवर मोबाइल पोहोचला, तरी इंटरनेटचा धागा पदोपदी तुटतो. शहरातील शाळांसाठी रचलेली परीक्षेची साधने म्हणूनच तेथे निरुपयोगी ठरतात.

वर्गात तीस मुले बसलेली आहेत. शिक्षकाने भागाकाराचे एक उदाहरण सांगितले आणि विचारले, ‘समजले का?’ सर्वांनी एका सुरात ‘हो’ म्हटले. या होकाराचा अर्थ काय, हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक असते. पुढच्या बाकावरील दोघे-तिघे खरे उत्तर देतात आणि उरलेले त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतात. पाश्चात्त्य देशांत यावर क्लिकर नावाचे बटणांचे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती देतात. त्याची किंमत, त्याचे विजेरीघट आणि त्याची दुरुस्ती खेड्यातील शाळेला झेपणारी नव्हे.

येथे एक जुनी हकीकत आठवण्याजोगी आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचे यंत्र प्रथम ज्यांना सुचले त्यांपैकी रेनॉल्ड जॉन्सन हा अमेरिकेतील मिशिगन राज्यातला शाळामास्तर होता. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवर त्याने आपली युक्ती उभारली. आयबीएम कंपनीने ती घेतली आणि 1938 च्या सुमारास ते यंत्र बाजारात आले. वर्गाची नड वर्गात उभे राहणाऱ्यालाच आधी कळते, ती अशी.

आपल्याकडे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील अँड्र्यू क्रॉस, एडवर्ड कट्रेल आणि विल्यम थीस यांनी 2012 साली याच नडीवर कागदाचा उपाय मांडला. प्रत्येक मुलाला एक चौकोनी कागद द्यावयाचा. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी असते आणि चार कडांना चार पर्याय. मुलाने आपला पर्याय वर येईल असा कागद फिरवून धरावयाचा. संगणकास जोडलेला लहानसा कॅमेरा सारा वर्ग टिपतो. नक्षीवरून मूल कोणते ते कळते आणि कोणती बाजू वर आहे यावरून उत्तर. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचा कागद पाहून उपयोग नसतो. मोजणी त्या संगणकातच होते. तिच्यासाठी दूरच्या यंत्राकडे काही धाडावे लागत नाही. बंगळूरच्या वर्गांतून घेतलेल्या चाचणीत कागद ओळखण्याची अचूकता 99.8 टक्के आढळली, आणि 97 टक्के उत्तरे दहा सेकंदांच्या आत टिपली गेली. पुढे हेच तत्त्व मोबाइलवरही आले.

या कागदाचा मोठा गुण स्वस्ताईचा नाही, लाज राखण्याचा आहे. चुकलेले मूल वर्गासमोर उघडे पडत नाही. शिक्षकाला मात्र ते दिसते. मागच्या भिंतीशी बसणारी, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी रोज उत्तर देऊ लागते.

परंतु साधन आले म्हणजे सत्य आले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मध्य प्रदेशातील सरकारी शाळांत दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक मुलांची परीक्षा होत असे. अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञाने तिची फेरतपासणी केली, तेव्हा दप्तरातील गुण मुलांच्या खऱ्या योग्यतेहून कितीतरी फुगलेले आढळले. गंमत अशी, की त्या गुणांवर कोणाची बढती वा शिक्षा फारशी अवलंबून नव्हती! आंध्र प्रदेशात दोन हजारांहून अधिक शाळांत त्यांनी प्रयोग केला. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखालील कागदी परीक्षेचे गुण असेच फुगले, टॅब्लेटवर घेतलेल्या परीक्षेचे मात्र स्वतंत्र तपासणीशी जुळले. फुगलेल्या गुणांची किंमत शेवटी मूलच मोजते. दप्तरात ते वाचू शकते, म्हणून त्याला वाचावयास कोणी शिकवीत नाही.

नक्षीच्या कागदालाही मर्यादा आहेत. चार पर्यायांत काहीच न येणारे मूलही चारांत एकदा बरोबर ठरते. तीसांच्या वर्गात सात-आठ बरोबर उत्तरे निव्वळ नशिबाची असू शकतात. तेव्हा एका प्रश्नावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. वाचन तर या रीतीने तपासताच येत नाही. त्यासाठी ‘प्रथम’ संस्थेने 2005 पासून ‘असर’ पाहणीत वापरलेली रीत अधिक चांगली: मुलाशेजारी बसावे, अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट छापलेला एक कागद त्याच्या हाती द्यावा आणि ऐकावे. तिला वीजही लागत नाही.

बैहरकडील शाळांत आणखी एक अडचण आहे. पुस्तक हिंदी, घरची बोली गोंडी किंवा बैगांची. चुकलेले उत्तर गणिताचे की शब्दाचे? येथे कागदाचा उपयोग होतो. फळ्यावर चार चित्रे किंवा चार आकडे काढावेत, प्रश्न आधी हिंदीत आणि मग मुलांच्या बोलीत तोंडी विचारावा, दोन्ही वेळा कागद वर धरावयास सांगावा. हा फेरा काही प्रश्नांवर केला आणि दोन्ही वेळची उत्तरे ताडून पाहिली, म्हणजे कोणत्या मुलाला भागाकार पुन्हा शिकवावयाचा आणि कोणाला केवळ हिंदी शब्द समजावून द्यावयाचा, हे शिक्षकाला तास संपण्यापूर्वीच ठरविता येते.