धातूचे अंतरंग

तांबट भांडे घडवू लागला की पत्रा ठोकता ठोकता कठीण होत जातो. मग तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घ्यावा लागतो. तांबे तर तेच असते. मग त्याच्या अंतरंगात पालटते ते काय?

धातूतील अणू कवाइतीतल्या शिपायांप्रमाणे रांगांनी उभे असतात, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने कळले होते. परंतु या रांगा सर्वत्र निर्दोष असत्या, तर तांबे वाकविण्यास कितीतरी पट अधिक जोर लागला असता. म्हणून १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, एखादी रांग मध्येच तुटलेली असते आणि हा दोष पुढे सरकत गेला म्हणजे धातू वाकतो. जड जाजम ओढून हलत नाही. त्याला एका टोकाशी सुरकुती पाडून ती पुढे ढकलीत नेली, तर ते सहज सरकते. तसेच हे. या दोषास स्थानभ्रंश म्हणतात.

तर्क पटण्याजोगा होता, पण अणू पाहावा कसा? प्रकाशाची लहर त्याच्याहून हजारपटींपेक्षा लांब! एर्विन म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाशाचा आश्रयच सोडला. टंगस्टनच्या तारेला अतिसूक्ष्म टोक काढून ते त्याने निर्वात नळीत ठेवले, अतिशय थंड केले, किंचित हेलियम वायू आत सोडला आणि टोकास हजारो व्होल्टांचा विद्युत् दाब दिला. टोकावर उठून असलेल्या अणूंपाशी हेलियमचे कण विद्युत्‌भारित होत आणि थेट समोरच्या पडद्यावर जाऊन आदळत. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात म्यूलर व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांना त्या पडद्यावर तेजस्वी ठिपके दिसले. एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू! पुढे या यंत्राने धातूतील अणूंच्या रिकाम्या जागाही दाखविल्या.

१९५६ साली केंब्रिजमध्ये हर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात स्थानभ्रंश सरकताना प्रत्यक्ष पाहिले. तांबटाच्या हातोड्याखाली हेच दोष वाढतात, परस्परांत गुंततात, एकमेकांची वाट अडवितात. म्हणून पत्रा कठीण होतो. भट्टीच्या आचेने ही गुंतागुंत सुटते.

१९६७ साली म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकावरील एकेक अणू सुटा करून तो कोणत्या मूलद्रव्याचा, हे ओळखण्याचीही सोय केली. अणुभट्टीचे पोलाद वर्षानुवर्षे किरणोत्सर्ग सोसून ठिसूळ होते. ते का व कसे, याचा शोध आज याच रीतीने, अणू मोजून घेतला जातो.